चर्चच्या जुन्या खिडक्यांना बाहेरून कवच : जाळी, काच की पॉलीकार्बोनेट?

रंगीत काचेच्या खिडकीला बाहेरून संरक्षण द्यायचं ठरलं की पंच कमिटीत पहिला प्रश्न निघतो, "किती एमएमची काच घ्यायची?" त्या प्रश्नाला अजून वेळ आहे. आधी खिडकीला त्रास नेमका कशाचा आहे ते ठरवा. चेंडूचा, दगडाचा, माकडांचा, पावसाच्या झडीचा, की खिडकीतल्याच सैल झालेल्या शिशाचा? प्रत्येकावरचा उपाय वेगळा. चुकीचा उपाय केला तर काच फुटायची वाचते आणि आतून शिसं नाहीतर लाकूड कुजत राहतं, आणि हे लक्षात येईपर्यंत पाच-सहा वर्षं उलटलेली असतात.

एका सातारा जिल्ह्यातही उत्तर एक नाही. महाबळेश्वरला वर्षाला ५,५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही चार महिन्यांत आणि वाऱ्याबरोबर आडवा. तिथून पन्नास-साठ किलोमीटर खाली सातारा शहरात पाऊस त्याच्या पाचव्या हिश्शाइतका, सांगली-मिरजेकडे त्याहून कमी, पण एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. वर महाबळेश्वर-पाचगणीला शत्रू म्हणजे पाणी, धुकं आणि माकडं. खाली शत्रू म्हणजे ऊन, मैदानातला चेंडू आणि वळवाच्या गारा. वरच्या चर्चला जे लागू पडलं ते मिरजेत जसंच्या तसं लावू नका.

खिडकी ओळखा

आपल्याकडे साधारण तीन प्रकार भेटतात. पहिला, लाकडी चौकटीत लांबी (काच बसवायची पुट्टी) भरून बसवलेली साधी रंगीत तावदानं. साताऱ्यात अमेरिकन मराठी मिशन, सांगली-मिरजेत अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशन, अशा साध्या मिशन-बांधकामाच्या देवळांत ही जास्त. इथे एक तावदान फुटलं तर तेवढंच बदलता येतं. सगळी खिडकी झाकण्यापेक्षा त्याच रंगाची चार-सहा तावदानं कपाटात ठेवणं कित्येकदा स्वस्त आणि शहाणपणाचं असतं.

दुसरा प्रकार शिशाच्या पट्ट्यांत जोडलेल्या काचांचा. इंग्रजी एच अक्षरासारख्या शिशाच्या पट्टीत दोन्ही बाजूंनी काच सरकवलेली, सांध्यांवर डाग (सोल्डर) दिलेला, फटीत जवसाच्या तेलाची लांबी, आणि असा जोडलेला फलक, म्हणजे पडदा, सरळ राहावा म्हणून आडवे गज. हे गज तांब्याच्या तारेने शिशाला बांधलेले असतात. तिसरा प्रकार म्हणजे हीच खिडकी, पण काचेवर भट्टीत भाजलेली रंगकारी: चेहरे, कपड्यांच्या घड्या, अक्षरं. या तिसऱ्या प्रकाराला चुकीचं कवच सगळ्यात जास्त महागात पडतं, कारण काच नवी मिळेल, त्यावरचा चेहरा मिळणार नाही.

रंगकारी भाजलेली आहे की नाही हे पाहायला नख लावू नका. उन्हाची तिरीप आतून तिरकी येत असताना काचेच्या आतल्या बाजूकडे कडेने पाहा. रेषा काचेवर किंचित उठलेल्या, मंद पोताच्या दिसतील. त्या रेषांची पूड खालच्या गजावर पडलेली दिसली तर काम तिथेच थांबवा. फडकं मारायचं नाही, चिकटपट्टी लावायची नाही, खिडकीला क्रमांक द्यायला स्टिकरही नाही. हे काम काच-संवर्धन जाणणाऱ्याचं आहे, फॅब्रिकेटरचं नाही.

आधी खिडकी दुरुस्त, मग कवच

सैल खिडकीपुढे नवी काच लावणं म्हणजे गळक्या छपराखाली फॉल्स सिलिंग ठोकणं. तपासणी अर्ध्या दिवसात होते. आतून परांची लावा आणि प्रत्येक पडद्यावर बोटाच्या टोकाने अगदी हलकं दाबा. घट्ट पडदा सगळा मिळून किंचित हलतो. सैल पडद्यात एखादी काच स्वतंत्र खुळखुळते. विसर्जन मिरवणुकीच्या डीजेने जी खिडकी थरथरते ती हीच. मग वरपासून खालपर्यंत सुतळी ताणून धरा आणि पडदा सुतळीपासून किती फुगलाय ते पट्टीने मोजा. आकडा, खिडकीची दिशा आणि तारीख वहीत लिहा. दहा-पंधरा मिलिमीटर फुगवटा आणि वर्षभरात बदल नाही, तर घाई नको. फुगवटा वाढतोय, सांध्याचे डाग तडकलेत, गजाच्या तारा तुटल्यात, तर आधी ते काम.

गज लोखंडी असेल तर त्याची टोकं भिंतीत जिथे शिरतात तिथे पाहा. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि दगड फोडतो. दगडाला गजाच्या टोकापासून निघालेली तिरकी भेग दिसली तर ती माकडाने केलेली नाही.

शिसं विषारी आहे. ते घासू नका, सँडपेपर लावू नका, आणि हात लावल्यावर चहाआधी साबणाने हात धुवा.

जाळी

मार चेंडूचा, दगडाचा, गारांचा किंवा माकडांचा असेल आणि पाणी आत येत नसेल, तर काचेचा विचारच करू नका. जाळी लावा. जाळीमागे हवा कोंडत नाही, ऊन साठत नाही, दव जमत नाही. म्हणजे कवचाने होणारे निम्मे रोग सुरुवातीलाच टळतात. दिसायला ती काचेइतकी नाजूक नाही, हे खरं. पण चांगली जाळी रस्त्यावरून जवळपास दिसत नाही.

चांगली म्हणजे कशी? स्टेनलेस स्टीलची, सातारा-सांगलीला ३०४ ग्रेड पुरते, महाबळेश्वर-पाचगणीच्या ओलीत ३१६ घ्यावी. तार दीड मिलिमीटरच्या आसपास, भोक १०-१२ मिलिमीटरपेक्षा मोठं नको. लेदर चेंडूचा व्यास साधारण ७२ मिलिमीटर, तो कुठल्याही जाळीला अडेल; बारीक भोक हवं ते बेचकीतल्या खड्यासाठी आणि सुपारीएवढ्या गारेसाठी. रंग काळा, मॅट पावडर कोटिंग. चकचकीत स्टील उन्हात लकाकतं आणि खिडकीऐवजी जाळीच दिसते. खिडकीपासून अंतर किमान ५० मिलिमीटर, कारण चेंडू लागला की जाळी आत दबते. माकड जाळीला लोंबकळतं, म्हणून वरच्या बाजूचे बोल्ट जवळजवळ घ्या.

जीआय जाळी (जस्त चढवलेल्या लोखंडाची) स्वस्त म्हणून घेऊ नका. जस्त उडालं की तांबड्या गंजाचे ओघळ दगडावर उतरतात आणि जांभ्यात ते इतके खोल मुरतात की निघत नाहीत. आणखी एक चूक सर्रास होते: तीन कमानींच्या खिडकीवर एकच मोठा चौकोनी तुकडा ठोकून देणं. प्रत्येक कमानीला तिच्या आकाराची वेगळी जाळी करा. मधला दगडी खांब मोकळा राहिला पाहिजे.

लॅमिनेटेड, टफन, पॉलीकार्बोनेट

पाणी आत येतंय, किंवा मार इतका जोराचा आहे की जाळी पुरणार नाही, तेव्हा पारदर्शक कवचाकडे वळा.

आमची पहिली पसंती लॅमिनेटेड काचेला. तीन मिलिमीटरच्या दोन काचा आणि मधे ०.३८ मिलिमीटरचा पीव्हीबीचा (चिकट प्लास्टिकचा) थर, अशी ६.३८ मिलिमीटरची काच बहुतेक खिडक्यांना पुरते. मैदानाला लागून असलेल्या किंवा मोठ्या पडद्यांना दुप्पट थराची ६.७६ किंवा चार-चारची ८.७६ घ्या. दगड लागला तर ती तडकते पण जागेवर राहते, आणि मागची जुनी काच वाचते. वजन मात्र धरून चाला: काचेच्या दर मिलिमीटर जाडीला चौरस मीटरमागे अडीच किलो. ९०० बाय १,८०० मिलिमीटरच्या खिडकीला ६.३८ ची काच साधारण २५ किलो, ८.७६ ची ३३-३४ किलो. शिवाय पीव्हीबीची कड सतत पाण्यात राहिली तर काच कडेने पांढुरकी होत आत सरकते. म्हणून काच खालच्या पट्टीत थेट टेकवायची नाही.

टफन काच (तापवून झटकन गार करून कडक केलेली) काचवाला हमखास सुचवतो, कारण दुकानांच्या दारांना तीच जाते. ती साध्या काचेपेक्षा मजबूत आहे, यात वाद नाही. पण फुटली की एका क्षणात सगळीच बारीक दाण्यांत खाली येते, आणि दुसरा दगड थेट जुन्या काचेवर बसतो. कडेला लहानसा टवका उडाला तरी ती फुटू शकते. टफन केल्यावर ती कापताही येत नाही. कमानीचं माप दोन मिलिमीटर चुकलं तर पूर्ण काच वाया. एकेरी टफन आम्ही सुचवत नाही. साधी चार मिलिमीटरची काच तर नकोच: तिचे सुरीसारखे तुकडे नेमके जुन्या काचेवरच पडतात.

पॉलीकार्बोनेट या पारदर्शक प्लास्टिकला मार सहन करण्यात तोड नाही. भरीव ४ मिलिमीटर शीट चौरस मीटरला पाच किलोसुद्धा नाही. मघाच्या खिडकीला आठ किलोच्या आत. कमकुवत भिंत असेल, उंची जास्त असेल, रोज दगड येत असतील, तर ती योग्य. पण तिचे तीन दोष लक्षात ठेवा. ती उन्हाने कालांतराने पिवळी पडते. यूव्ही थर असलेलीच घ्या आणि कागदावर ज्या बाजूला खूण असेल ती बाजू बाहेर ठेवा. उलटी लावलेली शीट लवकर पिवळी पडते आणि दोष मात्र कंपनीला दिला जातो. दुसरं, ओरखडे. कृष्णाकाठच्या पट्ट्यात गळीत हंगामात साखर कारखान्याच्या धुराड्यांची काजळी उडते. ती कोरड्या फडक्याने पुसली की शीट धूसर होते. आधी पाण्याने धुवायची, मग साबणाच्या पाण्याने मऊ कापड. थिनर, ॲसिटोन लावायचा नाही. तिसरं, ती काचेपेक्षा सात-आठ पट जास्त फुगते. १,२०० मिलिमीटरची शीट पहाटेच्या १५ अंशांपासून दुपारी उन्हात ६५ अंशांपर्यंत तापली तर जवळपास ४ मिलिमीटर वाढते. तिला जागा दिली नाही तर ती बोल्टभोवती तडकते किंवा नगाऱ्यासारखी फुगते. गोठ्यावर किंवा शेडवर घालतात ती पोकळ नळ्यांची शीट मात्र खिडकीला लावू नका. नळ्यांत शेवाळ धरतं आणि खिडकीचे रंग मरतात.

ॲक्रिलिक फुटतं. गाडीच्या काचेला लावतात तसली सेफ्टी फिल्म थेट जुन्या काचेवर चिकटवायचा सल्ला कोणी दिला तर नम्रपणे नाही म्हणा. ती काढताना रंगकारीच निघून येते.

पोकळीतली हवा

सगळ्यात जास्त खिडक्या इथे बिघडतात. बाहेरून काच लावली, चारी बाजूंनी सिलिकॉन भरला, काम चकाचक दिसलं. मग पश्चिमेच्या खिडकीवर एप्रिलचं ऊन येतं. दोन काचांमधली कोंडलेली हवा तापते, तिच्याबरोबर शिसं. शिसं काचेच्या तिपटीने वाढतं: मीटरभर उंचीला ४० अंश तापमान वाढलं तर काच ०.३६ मिलिमीटर वाढते, शिसं १.१६. रात्री दोन्ही आकसतात. हे रोज. आधीच थकलेलं शिसं हळूहळू फुगून वाकायला लागतं, लांबी सुटते, डाग तडकतात.

महाबळेश्वरला तोच खेळ पाण्याचा. पावसाळ्यात चर्चमधली हवा ओली, त्यात रविवारी मंडळी ओल्या छत्र्या घेऊन येते. ती वाफ जुन्या सांध्यांतून पोकळीत शिरते आणि बाहेर जायला वाट नसते. थंड रात्री बाहेरची काच गार पडते, तिच्या आतल्या अंगावर दव धरतं, थेंब ओघळून खालच्या शिशापाशी आणि लाकडापाशी साचतात. पुढच्या पावसाळ्यापर्यंत तिथे बुरशी, लाकूड मऊ, आणि शिशावर पांढरी पूड.

उपाय साधा आहे: पोकळी हवेशीर ठेवा. जुन्या पडद्यापासून नवी काच किमान ५० मिलिमीटर दूर. हे अंतर चौकटीपासून मोजायचं नाही, पडदा जिथे सगळ्यात जास्त बाहेर फुगलाय तिथून मोजायचं. पडदा २० मिलिमीटर फुगलेला असेल तर चौकटीपासून ७०. खाली आणि वर, दोन्हीकडे, खिडकीच्या पूर्ण रुंदीची १५ ते २० मिलिमीटरची फट. ९०० मिलिमीटर रुंद खिडकीला २० ची फट म्हणजे १८० चौरस सेंटिमीटर. फटीला कीटकजाळी लागली की त्यातली बरीच जागा जाते, म्हणून फट कंजूषपणे ठेवू नका. फक्त वर फट ठेवून भागत नाही. गरम हवा वरून जायला खालून थंड हवा आत यावी लागते.

पाऊस आत येईल ही भीती रास्त आहे, विशेषतः महाबळेश्वरला. वरच्या फटीवर बाहेर उतरत्या अॅल्युमिनियम पट्टीची टोपी द्या, फटीच्या तोंडापासून किमान ४० मिलिमीटर पुढे आलेली, टोकाला खाली वळवलेली म्हणजे थेंब तिथेच सुटेल. खालच्या फटीतून थोडं पाणी आत उडालं तरी चालतं, फक्त ते साचायला नको. खालची दगडी पट्टी बाहेर उतरती असली पाहिजे. नसेल तर चुन्याच्या मसाल्याने उतार काढून घ्या. सिमेंटने नको, सिमेंट मऊ दगडाला धरून ओल आत कोंडतं.

कीटकजाळी स्टेनलेसची, भोक दीड मिलिमीटरच्या आत. तिच्यावाचून दुसऱ्याच वर्षी फटीत कुंभारीण माशीचं मातीचं घर सापडेल, तिसऱ्या वर्षी गांधीलमाश्यांचं, आणि खिडकी पुन्हा कोंडली.

भाजलेल्या रंगकारीची खिडकी असेल तर युरोपातली रीत एक पाऊल पुढची आहे: जुना पडदा काढून आत घेतात, त्याच्या मूळ खाचेत नवी काच बसवतात आणि पोकळीत चर्चच्या आतली हवा खेळवतात, म्हणजे जुनी काच पूर्णपणे घरात येते. इंग्लंडमधल्या यॉर्क मिन्स्टरला १८६१ मध्येच मोठ्या खिडकीला बाहेरून काच लावली होती, म्हणजे कल्पना नवी नाही. पण पडदा हलवणं हे स्थानिक मिस्त्रीचं काम नाही. कॉर्पस व्हिट्रिएरम या आंतरराष्ट्रीय मंडळाची २००४ ची तत्त्वं हेच सांगतात: कमीत कमी हस्तक्षेप, आणि जे कराल ते परत काढता आलं पाहिजे.

माप आणि ऑर्डर

कमानीचं माप फुटपट्टीने घेऊन कागदावर लिहून देणाऱ्याची काच बसत नाही, हे गृहीत धरा. जुन्या दगडी कमानी दोन्ही बाजूंना सारख्या नसतात. प्रत्येक खिडकीचा तीन मिलिमीटर प्लायचा फर्मा करा. प्लाय कमानीवर धरा, गुण्या आणि ओळंबा लावून उभी रेषा पक्की करा, कमानीची कड पेन्सिलीने उतरवा, कापा, जागेवर बसवून पाहा. फर्म्यावर चार गोष्टी मोठ्या अक्षरात लिहा: खिडकीचा क्रमांक, वर, बाहेरची बाजू, आणि "हे काचेचं माप". शेवटची ओळ विसरली की फॅब्रिकेटर फर्म्याला चौकटीचं माप समजतो आणि काच सहा मिलिमीटर लहान येते. फर्मा काचेसोबत परत मागा. पुढे काच फुटली तर तोच लागेल.

काम झाल्यावर मात्र प्लायचा तुकडा पोकळीत पाचर म्हणून राहू देऊ नका. प्लायमधून निघणाऱ्या आम्लाच्या वाफा शिशाला खातात.

ऑर्डर लिहून द्या, तोंडी नको. असं काहीसं: "लॅमिनेटेड ३+०.३८+३, क्लिअर, टिंट नाही, रिफ्लेक्टिव्ह नाही, कडा घासलेल्या, सोबतच्या फर्म्याप्रमाणे." रिफ्लेक्टिव्ह काच लावली तर बाहेरून आरसा दिसतो आणि खिडकी नाहीशी होते. भावाचं एक सांगतो: काचवाला कमानीचा भाव बहुधा पूर्ण चौकोनाच्या चौरस फुटावर लावतो. दोन कोटेशनं तुलना करताना दोघांनी चौकोन धरलाय की कमान, हे विचारा.

मोठ्या पडद्याला वाऱ्याचा विचार लागतो. आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात पुण्यासाठी मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला ३९ मीटर धरलाय. नुसता त्या वेगाचा दाब काढला तरी चौरस मीटरवर ९०० न्यूटनच्या वर, म्हणजे नव्वदएक किलो. डोंगरकड्यावर वारा आणखी चढतो. दीड-दोन चौरस मीटरपेक्षा मोठा पडदा असेल तर जाडी आणि अँकर स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घ्या, किंवा कवचाचे दोन भाग करा आणि जोड जुन्या आडव्या गजाच्या रेषेवर आणा. बाहेरून ती रेष मग दिसत नाही.

बसवणं

चौकट अॅल्युमिनियमच्या यू-चॅनेलची किंवा स्टेनलेस पट्टीची. लोखंडी अँगल नको, कितीही रेड ऑक्साइड मारलं तरी. भोकं दगडात नाही, चुन्याच्या सांध्यात पाडा. बाहेरच्या कडेपासून दूर, ५०-६० मिलिमीटर खोल, नायलॉन प्लग, ६ मिलिमीटरचा स्टेनलेस स्क्रू. कोपऱ्यापासून दीडशे मिलिमीटरवर पहिला, पुढे चारशे-चारशेवर. महाबळेश्वरच्या जांभ्यात हॅमर ड्रिलचा ठोका बंद ठेवून फक्त फिरवून भोक पाडा. ठोक्याने जांभ्याचा ढलपाच निघतो. काळ्या दगडाच्या भिंतीतही सांध्यातच. उद्या कवच काढलं तर सांध्यातलं भोक चुन्याने बुजतं, दगडातलं जन्मभर राहतं.

चॅनेलच्या तळाला काचेच्या रुंदीच्या पाव आणि पाऊण अंतरावर दोन कडक ईपीडीएम रबराचे ठोकळे ठेवा आणि काच त्यांच्यावर टेकवा. तळाला ८ मिलिमीटरची दोन-तीन भोकं, पाणी जायला. चार-पाच मिलिमीटरच्या भोकात पाण्याचा थेंबच अडकून बसतो. काच चॅनेलमध्ये १० ते १२ मिलिमीटर शिरावी आणि चारी बाजूंनी ३ मिलिमीटर मोकळी असावी. पॉलीकार्बोनेट असेल तर चॅनेल खोल घ्या, शीट १५ मिलिमीटर शिरू द्या, मोकळीक वर सांगितलेल्या हिशेबाने, आणि बोल्टची भोकं बोल्टपेक्षा मोठी. साध्या पीव्हीसीचं गॅस्केट तिला लागू देऊ नका, त्यातल्या तेलाने शीटला बारीक भेगा जातात. अॅल्युमिनियम आणि शिसं किंवा तांब्याची तार एकमेकांना लागत असेल तर मधे नायलॉनचा वॉशर.

सिलिकॉन लागलाच तर फक्त चौकट आणि काच यांच्या सांध्यात, आणि तो न्यूट्रल. ट्यूबवर लिहिलेलं असतं, पण नाकाने तपासणं जास्त खात्रीचं. हरभऱ्याएवढा थेंब टाइलवर काढा, वास घ्या. व्हिनेगरचा झणझणीत वास आला तर तो ॲसेटिक सिलिकॉन. तोच वास बंद पोकळीत शिशाला आणि तांब्याच्या तारांना खातो. ती ट्यूब बाथरूमसाठी ठेवा, खिडकीजवळ आणू नका. काही दुकानदार "सगळे सारखेच" म्हणतात. सारखे नाहीत.

सगळं उघडता येईल असं बसवा. कवचाचा पुढचा भाग स्क्रूने निघाला पाहिजे, म्हणजे पोकळी साफ करता येते. सांगलीत नदीकाठच्या सखल भागात हे आणखी गरजेचं: २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर गाळ काढताना जे उघडत नाही ते तोडावं लागतं, हे काठावरच्या प्रत्येक घराला माहीत आहे.

महाबळेश्वर-पाचगणीला एक वेगळा पर्यायही आहे. तिथे पावसाळ्याआधी भिंतींना गवताचं आच्छादन बांधायची जुनी रीत आहेच. त्याच धर्तीवर हलक्या चौकटीत बसवलेलं कवच मेअखेर चढवायचं आणि ऑक्टोबरात उतरवून कोठारात ठेवायचं. आठ महिने खिडकी मोकळी. चढवण्या-उतरवण्याला दोन माणसं आणि एक सकाळ लागते. हे दरवर्षी होणार असेल तरच हा मार्ग घ्या. थेट निळं प्लास्टिक कापड खिडकीला गुंडाळणं मात्र हवा कोंडण्याचाच प्रकार आहे. आणि काम सुरू करण्याआधी इमारत वारसा यादीत आहे का ते नगरपालिकेत आणि चर्चच्या ट्रस्टकडे विचारून घ्या. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, आणि परवानगी लागत असेल तर ती परांची उभी राहण्याआधी हवी.

उदबत्तीची परीक्षा

काम झालं की पैसे चुकते करण्याआधी एक निरभ्र दिवस थांबा. दुपारी, ऊन खिडकीवर असताना, पेटती उदबत्ती खालच्या फटीसमोर धरा. धूर आत ओढला जाऊन थोड्या वेळात वरच्या टोपीखालून बाहेर पडला पाहिजे. धूर खालीच घोटाळला तर वरची फट कुठेतरी बुजलीय: बहुधा सिलिकॉनने, कधी कारागिराने "पाणी येईल" म्हणून स्वतःच भरलेली असते. वाऱ्याच्या दिवशी ही परीक्षा फसवी ठरते. फॅब्रिकेटरला समोर ठेवूनच करा.

दुसरी परीक्षा पाण्याची. पाइपने वरून, पावसासारखं, दहा मिनिटं. आत माणूस उभा ठेवा. जुन्या पडद्यावर पाणी आलं नाही आणि तळाच्या भोकांतून बाहेर पडलं, की झालं. प्रेशर वॉशर वापरू नका.

मग वायर असलेला साधा डिजिटल थर्मामीटर पोकळीत सोडा, आर्द्रता दाखवणारा मिळाला तर उत्तम. वर्षभर रविवारच्या उपासनेनंतर आणि एखाद्या कडक दुपारी आकडा लिहा. मेच्या दुपारी पोकळी बाहेरच्या सावलीपेक्षा दहा अंशांहून जास्त तापत असेल तर फटी वाढवा. सकाळी काचेच्या आतल्या अंगावर दव दिसत असेल आणि दहा-अकरापर्यंत सुकत नसेल, तरीही तेच.

नंतरचं काम थोडं आहे, पण दोन तारखा सोडू नका: मेचा शेवटचा आठवडा आणि पाऊस संपल्यावर ऑक्टोबर. कीटकजाळी मऊ ब्रशने झाडायची, तळाची भोकं तारेने मोकळी करायची, ठोकळे सरकलेत का पाहायचं, पुन्हा सुतळी ताणून फुगवटा मोजायचा आणि त्याच वहीत आधीच्या आकड्याखाली लिहायचा. कुंभारीण माशीचं घर सापडलं तर आधी पाण्याने भिजवा आणि बांबूच्या काडीने काढा. स्क्रू ड्रायव्हरने खरवडलं की जाळीच फाटते.